वाचकांचे प्रश्न : औषधाचा लवलेश आणि चांदीचे कण

प्रश्न : चांदीचे कोलॉइड (पाण्यात तरंगणारे चांदीचे अतिसूक्ष्म कण) प्रयोगशाळेतच तयार करून मी पाण्यातल्या ६-मर्कॅप्टोप्युरिन या रक्ताच्या कर्करोगावरच्या औषधाचा रामन वर्णपट, म्हणजे विखुरलेल्या लेसर प्रकाशातून मिळणारी रेणूची ओळखखूण, घेते. सकाळी शिखरे उंच येतात, दुपारी त्याच नमुन्यात ती दिसतही नाहीत. चुकते कुठे? (औषधनिर्माणशास्त्राची विद्यार्थिनी, नागपूर)

उत्तर : लेसरकडे वळण्याआधी भांडी आणि मीठ तपासा. रामन विकिरण मुळातच क्षीण असते, कोटीभर फोटॉनमागे (प्रकाशकणांमागे) जेमतेम एखादा. चांदीचे दोन कण काही नॅनोमीटरवर आले की मधल्या फटीतल्या रेणूंचा संकेत लाखो पटींनी वाढतो. कणांना इतके जवळ आणते ते मीठ, आणि सगळा घोळ तिथेच होतो.

कोलॉइडसाठी ली आणि मायझेल यांची १९८२ सालची कृती भरवशाची आहे. ५०० मिलिलिटर पाण्यात ९० मिलिग्रॅम सिल्व्हर नायट्रेट घालून उकळी आणा, ढवळत १ टक्का सोडियम सायट्रेट १० मिलिलिटर सोडा आणि तासभर उकळू द्या. रंग हिरवट पिवळा, गढूळसर हवा आणि प्रकाशाचे शोषण ४२० नॅनोमीटरच्या आसपास. शोषणाचा पट्टा फार पसरलेला दिसला तर ती खेप सरळ बाजूला काढा. भांडी नायट्रिक आम्लाने धुऊन शेवटी शुद्ध पाण्यानेच खळबळा. नळाच्या किंवा बोअरच्या पाण्यातले क्लोराइड सिल्व्हर नायट्रेटमध्ये पांढरा साका धरते.

मोजताना आधी कोलॉइड, मग औषधाचा नमुना, मिठाचे द्रावण सगळ्यात शेवटी. क्रम उलटला तर औषध चांदीवर बसण्याआधीच कण गोळा होतात. मिठाची अंतिम तीव्रता १० मिलिमोलरपासून हळूहळू वाढवून पाहा. क्युव्हेटमधला (मोजणीच्या पारदर्शक कुपीतला) रंग हिरवट करड्याकडे झुकला की लगेच मोजा. तळाशी काळपट कण बसून वरचे पाणी नितळ झाले, तर वेळ टळली. मीठ घातल्यापासून मोजणीपर्यंतचा अवधी घड्याळ लावून दर वेळी सारखाच ठेवा. मे महिन्यातल्या नागपूरच्या दुपारी खोली तापते आणि कण गोळा होण्याचा वेगही वाढतो. तुमचा सकाळ-दुपारचा फरक बहुधा याचाच. कोलॉइड गडद बाटलीत ४ अंश सेल्सिअसला ठेवा, पण गोठू देऊ नका. गोठलेले कण पुन्हा सुटे होत नाहीत. आणि हातमोजे विसरू नका, हे औषध पेशींना घातक आहे.

प्रश्न : पॅरासिटामॉलची गोळी लेसरसमोर धरली की शिखरे स्पष्ट येतात. तेच पाण्यात अगदी थोडे विरघळवून चांदी घातली तर काहीच का दिसत नाही? (विज्ञान शिक्षक, नागपूर)

उत्तर : गोळीत औषध भरपूर असते, म्हणून १६४८, १३२४, ८५८ प्रति सेंटीमीटर (रामन वर्णपटातले स्थान सांगणारे एकक) ही शिखरे चांदीविनाही मिळतात. पाण्यातले पॅरासिटामॉल मात्र चांदीला नीट चिकटत नाही आणि कणापासून दूर राहिलेल्या रेणूला वाढीचा फायदा नाही. मर्कॅप्टोप्युरिनमधले गंधक चांदीला घट्ट धरते. म्हणून औषध निवडताना त्याचा रेणू चांदीवर कशाच्या जोरावर बसणार, हे आधी पाहा.

प्रश्न : रक्तद्रवातले औषध या पद्धतीने मोजता येईल का? (प्रयोगशाळा तंत्रज्ञ, कामठी)

उत्तर : येईल, पण थेट नाही. रक्तद्रवातली प्रथिने चांदीवर आधी जाऊन बसतात. मिथेनॉल घालून ती साकळवा, सेंट्रिफ्यूज करून वरचा द्रव घ्या आणि पातळ करा. ५३२ नॅनोमीटरच्या लेसरने प्रतिदीप्तीचा (नमुन्याच्या स्वतःच्या चमकेचा) मोठा उंचवटा येत असेल तर ७८५चा वापरा. औषध न घातलेला रक्तद्रव दर वेळी सोबत मोजाच, कारण ६४० प्रति सेंटीमीटरच्या आसपास युरिक आम्ल आणि ७२५ च्या आसपास हायपोझँथिन दिसते. हायपोझँथिन आणि मर्कॅप्टोप्युरिन दोघांचाही सांगाडा प्युरिनचाच, त्यामुळे गफलत सहज होते.

प्रमाण काढताना सरळ रेषेवर विसंबू नका. चांदीवरच्या जागा भरल्या की आलेख सपाट होतो, म्हणून औषधाचे प्रमाण कमी असलेल्या टप्प्यातच मोजा. त्याच नमुन्यात औषधाची ज्ञात मात्रा टप्प्याटप्प्याने वाढवत नेऊन मूळ प्रमाण काढणे अधिक खात्रीचे. त्या आकड्यावर रुग्णाचा डोस ठरणार असेल, तर तोच नमुना द्रव वर्णलेखन आणि वस्तुमान वर्णपटमापीवर (LC-MS) तपासून घ्या.