तिकीट आणि पैज : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : साताऱ्याच्या एसटी स्टँडवरील विक्रेत्याकडून मी अनेक वर्षे महिन्याला राज्य लॉटरीचे एखादे तिकीट घेत आलो आहे. माझा पुतण्या मात्र मोबाइलवर दर पंधरा मिनिटांनी निकाल लागणाऱ्या ‘ऑनलाइन लॉटरी’त आकडे लावतो. मी काही बोलू लागलो की, ‘काका, तुमचे तिकीट आणि माझा आकडा यांत फरक तो काय?’ असे विचारतो. त्याला काय सांगावे? (एक निवृत्त कर्मचारी, सातारा)

उत्तर : पुतण्याचा प्रश्न उडवून लावण्यासारखा नाही. नशिबावर पैसे लावणे दोन्हींकडे सारखेच आहे, आणि राज्य सरकारने काढली म्हणून लॉटरीचे जुगारपण संपत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९९ मध्ये बी. आर. एंटरप्रायझेस प्रकरणात स्पष्ट केले आहे. त्यामुळे आपले तिकीट सोवळे आणि त्याचा आकडा ओवळा, अशी मांडणी केलीत तर हा वाद आपण हराल. खरा फरक आपल्यासमोर कोण बसले आहे, यात आहे.

आपल्या हातातील तिकीट सोडतीच्या आधी छापलेले असते. त्यावर राज्याचे बोधचिन्ह, मालिका, क्रमांक आणि सोडतीची तारीख असते. कोणत्या क्रमांकाच्या बक्षिसाला किती रक्कम, हा तक्ताही आधीच जाहीर झालेला असतो. महाराष्ट्र राज्य लॉटरी १९६९ मध्ये सुरू झाली तेव्हा असा कायदा नव्हता, परंतु १९९८ च्या केंद्रीय लॉटरी (नियमन) अधिनियमाच्या चौथ्या कलमाने याविषयीच्या अटी घालून दिल्या. तिकिटे राज्यानेच छापायची, सोडत राज्यानेच आणि राज्याच्या हद्दीतच काढायची, विक्रीचे पैसे सरकारी खात्यात जमा करायचे, कोणत्याही लॉटरीची आठवड्यात एकाहून अधिक सोडत काढायची नाही आणि बंपर सोडती वर्षात सहापेक्षा जास्त घ्यायच्या नाहीत, अशा त्या अटी आहेत. मुदतीत कोणी न मागितलेले बक्षीस सरकारजमा होते, म्हणजे खेळणाऱ्याच्या विसराळूपणातून सरकारलाही चार पैसे मिळतात, हे मान्य करायला हवे. पण अमुक क्रमांक निघावा आणि तमुक निघू नये, असे वाटण्याचे कारण त्या व्यवस्थेत कोणाला नसते.

याच कलमातील पहिलीच अट पुतण्याला मुद्दाम वाचून दाखवावी, अशी आहे. आधी जाहीर केलेल्या क्रमांकावर किंवा एकेरी अंकावर बक्षीस ठेवता येणार नाही, असे ती म्हणते. महाराष्ट्रातील वाचकाला या अटीचा रोख वेगळा समजावून सांगण्याची गरज नाही. न्यूयॉर्कच्या कापूस बाजारातून तारेने मुंबईत येणाऱ्या भावांवर पैसे लावण्यापासून जो मटका वाढला, त्याचा सगळा डोलारा ओपन, क्लोज आणि जोडी यांवर, म्हणजे शून्य ते नऊ या दहा अंकांवरच उभा राहिला. मोबाइलच्या पडद्यावर रंगीबेरंगी चक्र फिरत असले, तरी एका अंकावर पैसे लावून घेणारा खेळ हा आकड्याचाच खेळ आहे. त्याला लॉटरी म्हटले, तरी लॉटरीचा कायदाच ते नाव त्याला देऊ देत नाही.

आकडा घेणाऱ्याच्या बाजूने पाहा. सातवर पुष्कळ लोकांनी पैसे लावले, तर सात न येण्यातच त्याचा फायदा असतो, कारण जिंकणाऱ्याचे पैसे त्याच्या खिशातून जातात. अशा माणसाच्याच संगणकाने सातऐवजी तीन दाखवला, तर त्यावर कोणी विश्वास का ठेवावा? तो लबाडच असतो, असे माझे म्हणणे नाही. पण लबाडी करण्याचे कारण त्याच्याकडे दर फेरीला असते, आणि ती पाहणारे कोणीही तिथे नसते. केरळसारख्या राज्यात सोडतीचे यंत्र लोकांसमोर आणि परीक्षक मंडळाच्या उपस्थितीत फिरवले जाते, ते हौस म्हणून नव्हे.

येथे पुतण्या कदाचित गणित मांडील, आणि त्याचे गणित बरोबर असेल. एकेरी आकड्याला रुपयाला नऊ रुपये असा भाव धरला, तर दहापैकी एका संधीवर नऊ रुपये, म्हणजे लावलेल्या रुपयातले सरासरी नव्वद पैसे परत येतात. आपल्या तिकिटाच्या किमतीतून मात्र छपाई, विक्रेत्याचे कमिशन, राज्याचा नफा आणि २२ सप्टेंबर २०२५ पासून ४० टक्के दराने आकारला जाणारा जीएसटी वजा झाल्यावर मगच बक्षिसे उरतात. एका रुपयाचा हिशेब केला, तर आकडा परवडतो. परंतु पंधरा मिनिटांना एक, म्हणजे दिवसाला ९६ फेऱ्या होतात. प्रत्येक फेरीला दहा रुपये लावणारा माणूस ९६० रुपये लावतो आणि, घेणारा पूर्ण प्रामाणिक आहे असे धरूनही, सरासरी ९६ रुपये रोज गमावतो. आपण महिन्याला एका तिकिटापलीकडे गमावू शकत नाही. आठवड्याला एक सोडत या अटीचा अर्थ इथे कळतो. राज्याच्या सर्व योजनांच्या सोडती मिळून दिवसाला २४ पेक्षा अधिक होऊ नयेत, अशी मर्यादा याच कायद्याखालील २०१० च्या नियमांनी घातली आहे. पुतण्याचा एकच खेळ ती एका दिवसात चौपटीने ओलांडतो.

दुसरा फरक पैसे मागण्याच्या हक्काचा आहे. लॉटरीचे तिकीट हा अनुयोज्य दावा, म्हणजे कायद्याने मागता येण्याजोगा हक्क आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये ठरवले आणि २०२० मध्ये पुन्हा सांगितले. उलट भारतीय संविदा अधिनियम, १८७२ च्या तिसाव्या कलमानुसार पैजेचा करार शून्य असतो आणि पैजेत जिंकलेली रक्कम मिळवण्यासाठी दावा लावता येत नाही. आकडा घेणाऱ्याने पैसे बुडवले, तर पुतण्या कोणत्या दारात उभा राहणार?

राहिला ‘ऑनलाइन’ या शब्दाचा घोळ, आणि तो सरकारी भाषेनेच वाढवला आहे. २०१० च्या नियमांत ऑनलाइन लॉटरी म्हणजे दुकानातील यंत्रावर क्रमांक निवडून मिळणारे तिकीट, ज्याची नोंद त्याच क्षणी मध्यवर्ती सर्व्हरवर होते. सिक्कीम सरकारसाठी २००२ च्या सुमारास सुरू झालेल्या प्लेविनची यंत्रे आपणही गल्लीतल्या दुकानात पाहिली असतील. ती राज्याचीच लॉटरी होती, फक्त छापखान्याच्या जागी यंत्र होते. मोबाइलवरच्या आकड्यांनी त्यातला ‘ऑनलाइन’ शब्द तेवढा उचलला. पैसे लावून खेळायचे ऑनलाइन खेळ चालवण्यावर, त्यांच्या जाहिरातींवर आणि त्यांसाठीच्या बँक व्यवहारांवर बंदी घालणाऱ्या केंद्रीय कायद्याला २२ ऑगस्ट २०२५ रोजी राष्ट्रपतींची संमती मिळाली. असा खेळ चालवणाऱ्यास तीन वर्षांपर्यंत कारावास आणि एक कोटी रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. खेळणाऱ्याला या कायद्यात शिक्षा नाही; पुतण्याला तुरुंगाची भीती घालू नये, ती खोटी ठरेल.

प्रश्न : मी मेलबर्नला राहते. काही वर्षांपूर्वी येथील एका संकेतस्थळावर अमेरिकेच्या पॉवरबॉल या लॉटरीसाठी पैसे घेत असत, नंतर ते अचानक बंद झाले. ती फसवणूक होती का? आणि माझा पुण्यातील भाऊ परदेशी लॉटरी खेळू शकतो का? (एक वाचक, मेलबर्न)

उत्तर : सर्रास फसवणूक म्हणता येणार नाही, पण आपण तिकीट घेतले असे समजला असाल, तर तो गैरसमज होता. जिब्राल्टरहून चालणाऱ्या लॉटोलँडसारख्या कंपन्या अधिकृत सोडतीचे तिकीट विकतच नव्हत्या. त्या सोडतीत अमुक क्रमांक येतील, यावर त्या पैज घेत आणि मोठे बक्षीस द्यावे लागलेच, तर त्यासाठी विमा उतरवून ठेवत. सोडत अमेरिकेतली, पैसे मात्र तिच्या निधीत जाणार नाहीत, असा हा प्रकार. ऑस्ट्रेलियातील वृत्तपत्रविक्रेते अधिकृत लॉटरीच्या कमिशनवर बऱ्याच अंशी अवलंबून असतात. त्यांनी याविरुद्ध मोहीम उघडली, संसदेने २०१८ मध्ये कायदा केला आणि जानेवारी २०१९ पासून लॉटरीच्या निकालावर पैज घेणे बंद झाले. ब्रिटननेही २०१८ मध्ये युरोमिलियन्स या युरोपीय लॉटरीच्या निकालावरील पैजेला मनाई केली. युरोमिलियन्समध्ये पन्नासातून पाच आणि बारांतून दोन क्रमांक जुळण्याची शक्यता १३,९८,३८,१६० मध्ये एक असते, आणि ती तिकीट घेणाऱ्याला व पैज लावणाऱ्याला अगदी सारखीच असते; त्यामुळे त्या बाबतीत आपले काही जास्त गेले, असे समजू नये.

आपल्या भावाने यात पडू नये. चालू खात्यावरील व्यवहारांविषयीच्या २००० च्या परकीय चलन नियमांत लॉटरीची तिकिटे व स्वीपस्टेक्स यांसाठी भारतातून पैसे पाठवण्यास स्पष्ट मनाई आहे. आपण त्याच्यासाठी तिकडे तिकीट काढावे आणि त्याने पैसे पाठवावेत, असा विचार असेल, तर तोही सोडून द्यावा.

प्रश्न : केरळच्या ओणम बंपरचे तिकीट व्हॉट्सॲपवर पैसे पाठवले की घरबसल्या मिळेल, असा संदेश आला आहे. विश्वास ठेवावा का? (एक वाचक, कोल्हापूर)

उत्तर : ठेवू नये. केरळची लॉटरी फक्त कागदी तिकिटांची आहे. ती केरळमध्येच विकली जाते आणि तिथला लॉटरी विभाग ऑनलाइन विक्री करत नाही. पाचशे रुपयांच्या तिकिटाला २५ कोटींचे पहिले बक्षीस, एवढी प्रसिद्धी असल्यावर नक्कल करणारे येणारच. आपल्याला फार तर तिकिटाचा फोटो मिळेल. बक्षीस मागण्यासाठी मात्र मूळ तिकीट, त्याच्या मागे नाव, पत्ता व सही करून, सोडतीपासून ३० दिवसांच्या आत सादर करावे लागते. ‘बक्षीस लागले आहे, आधी कर भरा’ असा दुसरा संदेश आला, तर तोही खोटा समजावा, कारण दहा हजारांवरील बक्षिसातून ३० टक्के आयकर कापूनच उरलेली रक्कम दिली जाते.