दोन लाख दहा हजार परत मागण्याआधी

प्रश्न : वय ४१. सातपूरच्या कारखान्यात नोकरी, हातात पगार ७८ हजार. घरी पत्नी, नववीतली मुलगी आणि आई. कमावणारा मी एकटा. नोव्हेंबर २०२४ मध्ये ४२ लाखांचे गृहकर्ज घेतले, दर ९ टक्के, मुदत २० वर्षे. आता स्टेटमेंट नीट पाहिले तर कर्ज ४४ लाख १० हजारांचे निघाले. वरचे २ लाख १० हजार विम्याचे. "विमा घेतल्याशिवाय फाइल पुढे जात नाही" असे तेव्हा सांगितले होते. फॉर्म बँकेच्या मुलाने भरले, मी सह्या केल्या. प्रमाणपत्र कधी आलेच नाही. शाखेत मागितल्यावर गेल्या आठवड्यात पीडीएफ मिळाली. विमा १० वर्षांचाच आहे. एका सल्लागार कंपनीचा फोन आला, पूर्ण रक्कम १२ टक्के व्याजासह मिळवून देतो म्हणतात. फी २५ टक्के अधिक जीएसटी, त्यातले १५ हजार आगाऊ. लेस्टरच्या मेहुण्यांना तिथल्या बँकेकडून असेच पैसे परत मिळाले होते. सल्लागार नेमावा का? पैसे आले की शाखेतल्या मॅडमनी सुचवलेल्या, मुलीसाठीच्या गॅरंटीड योजनेत (वर्षाला १ लाख) घालणार आहे. मला चार वर्षांपासून डायबेटिस आहे, गोळी चालू आहे, मागचे एचबीए१सी (तीन महिन्यांची सरासरी साखर) ७.१. याशिवाय दुसरा विमा नाही. — एक वाचक, नाशिक

उत्तर : सल्लागाराला एक रुपयाही देऊ नका. पूर्ण रक्कम मिळाली असे धरले तरी त्याची फी साडेबावन्न हजार, वर जीएसटी, म्हणजे ६२ हजार. त्या बदल्यात तो दोन पत्रे लिहिणार आणि एक पोर्टल भरणार. शिवाय विमा लोकपालापुढे (विम्याच्या तक्रारींवर निवाडा देणारे अधिकारी) वकील किंवा एजंट चालत नाही. तिथे तुम्हालाच बोलावे लागते. आगाऊ पैसे मागणारा फोन आला की तो तिथेच ठेवून द्यायचा.

तुमच्या प्रश्नाचे उत्तर इतकेच. पण पत्रातल्या शेवटच्या दोन वाक्यांनी माझी झोप उडवली असती, आणि ती तुम्ही जाता जाता लिहिली आहेत. डायबेटिस चार वर्षांपासून आहे, कर्ज नोव्हेंबर २०२४ चे आहे, आणि फॉर्म दुसऱ्याने भरला. त्या फॉर्ममध्ये प्रकृतीविषयीची एक घोषणा असते. मधुमेह, रक्तदाब, हृदयविकार, कर्करोग यांच्यापुढे 'हो' किंवा 'नाही'. फाइल त्याच दिवशी पुढे सरकवायची असल्याने भरणारा सगळीकडे 'नाही'वर खूण करतो आणि सहीसाठी पेन तुमच्या हातात देतो. तसे झाले असेल तर उद्या तुमचे काही बरेवाईट झाल्यावर कंपनी डॉक्टरांचे जुने कागद मागवणार, मधुमेहाच्या मेटफॉर्मिन गोळीची चिठ्ठी सापडणार आणि दावा फेटाळला जाणार. विमा कायद्याच्या कलम ४५ नुसार पहिली तीन वर्षे कंपनीला तो हक्क आहे. आजार लपवल्याचे कारण देऊन विमा रद्द झाला तर भरलेला हप्ता परत मिळतो; फसवणूक ठरली तर तोही बुडू शकतो. दोन्ही प्रकारांत तुमच्या पत्नीच्या डोक्यावर ४४ लाखांचे कर्ज राहतेच.

म्हणजे ज्या विम्याचे पैसे परत मागायला निघालात, तोच या घराचा एकमेव विमा आहे आणि तो कितपत चालेल याची खात्री नाही. पैसे परत मिळवणे हे दुसरे काम. पहिले काम म्हणजे स्वतःचा, खरी माहिती देऊन घेतलेला टर्म विमा, म्हणजे ठरावीक मुदतीत मृत्यू झाला तरच घरच्यांना रक्कम देणारा साधा विमा.

रक्कम किती? कर्जाचे ४४ लाख, आणि घरखर्च महिना ३५ हजार धरून पुढच्या पंधरा-वीस वर्षांसाठी ७५-८० लाख. मोघम सव्वा कोटी, वयाच्या ६० पर्यंत. निरोगी माणसाला याचा हप्ता वर्षाला २२ ते २८ हजारांच्या आसपास पडतो. तुम्हाला मधुमेहामुळे लोडिंग, म्हणजे जादा हप्ता, लागेल. ३० ते ४२ हजारांची तयारी ठेवा. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आयुर्विम्यावर जीएसटी नाही, तेवढा दिलासा आहे. एचबीए१सी ७.१ हा आकडा वाईट नाही. तो साडेआठ-नऊवर गेला की कंपन्या प्रस्ताव पुढे ढकलतात किंवा नाकारतात, म्हणून आज अर्ज करणे आणि दोन वर्षांनी करणे यांत मोठा फरक आहे. अर्जात आजार कधीपासून, गोळीचे नाव आणि डोस, डॉक्टरांचे नाव, मागचे तीन रिपोर्ट, सगळे द्या. अर्ज स्वतः भरा, निदान शेवटची प्रत ओळ न् ओळ वाचूनच ओटीपी द्या. पॉलिसी १८७४ च्या विवाहित स्त्रियांच्या मालमत्ता कायद्याखाली घेतो आहे, असे अर्जातच नमूद करा. मग ती रक्कम पत्नी आणि मुलीचीच राहते, धनको तिला हात लावू शकत नाहीत. हे नंतर जोडता येत नाही.

आता घड्याळाकडे या. पॉलिसीचे कागद हातात पडल्यापासून ३० दिवसांत ती परत करता येते, त्याला 'फ्री लूक' म्हणतात. दिवस मोजायचे ते कागद मिळाल्यापासून, कर्ज मिळाल्यापासून नाही. तुमचे प्रमाणपत्र गेल्या आठवड्यात आले, म्हणजे ३० पैकी आठ-दहा दिवस संपले असे धरून चाला. कंपनी म्हणेल, आम्ही नोव्हेंबर २०२४ मध्येच पाठवले होते. म्हणून त्या पीडीएफवर तुमच्या नावाखाली छापलेला ईमेल आणि मोबाईल क्रमांक आजच पाहा. तो तुमचा नसेल, शाखेचा किंवा त्या मुलाचा असेल, तर तो तुमच्या बाजूचा सगळ्यात भक्कम पुरावा आहे. तुमचाच असेल तर इनबॉक्स आणि स्पॅम दोन्ही तपासा. मेल सापडला तर फ्री लूकचा मुद्दा सोडा आणि फसवून विकल्याच्या तक्रारीवरच भर द्या. प्रमाणपत्राच्या मागच्या पानांवर फ्री लूकचा परिच्छेद आणि सरेंडरचे (विमा मुदतीआधी मोडल्यास किती परत मिळेल त्याचे) सूत्र या दोन गोष्टींवर पेनाने खूण करून ठेवा.

टर्म विम्याला मात्र तपासण्या धरून दोन ते चार आठवडे लागतात, आणि फ्री लूकचे दिवस त्याआधी संपू शकतात. अशा वेळी नवा विमा हातात येईपर्यंत जुना मोडू नये, हा नियम मी एरवी सक्तीने सांगतो. इथे माझा कल वेगळा आहे : टर्मचा अर्ज आज करा, आणि पंचविसाव्या दिवसापर्यंत निर्णय आला नाही तरी फ्री लूकचे पत्र पाठवा. जुना विमा बहुधा खोट्या घोषणेवर उभा आहे आणि ७.१ वर तुम्हाला नवा मिळण्याची शक्यता चांगली आहे. फक्त त्याआधीच दोन कंपन्यांनी साफ नकार दिला तर रद्द करू नका. त्या परिस्थितीत विमा कंपनीला मधुमेह लेखी कळवा आणि जादा हप्ता घेऊन चालू ठेवणार का, हे लेखी विचारा. मधल्या काळासाठी कारखान्याच्या एचआरकडे गट विमा आहे का ते बघा. वर्षाला ४३६ रुपयांची प्रधानमंत्री जीवन ज्योती योजना २ लाख देते. थोडे आहेत, पण घ्या.

या विम्याचा खरा भाव तुम्ही मोजलेला दिसत नाही. ९ टक्के दराने २० वर्षांसाठी लाखाला ९०० रुपये हप्ता. २ लाख १० हजारांचे महिना १,८९०, आणि २४० हप्त्यांत साडेचार लाख. विमा १० वर्षांनी संपणार, त्याचा हप्ता तुम्ही २० वर्षे भरणार. दहाव्या वर्षाअखेर मूळ ४२ लाखांपैकी जवळपास ३० लाख शिल्लक असतील आणि त्या दिवशी विमा शून्य. तेव्हा तुमचे वय ५० च्या आसपास असेल. बँकेने घराचे नाही, पहिल्या दहा वर्षांतल्या आपल्या वसुलीचे संरक्षण विकले, आणि त्याचे पैसेही तुम्हालाच कर्जाने दिले.

पत्रे दोन, एकाच दिवशी. एक विमा कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला, दुसरे बँकेच्या नोडल अधिकाऱ्याला. ईमेल करा, शिवाय छापील प्रत स्पीड पोस्टाने पाठवून पोच जपा. सोबत सँक्शन लेटर, कर्जखात्याच्या स्टेटमेंटचे ते एक पान, प्रमाणपत्र, आणि मधुमेहाचा नोव्हेंबर २०२४ पूर्वीचा एक कागद. शिवाय की फॅक्ट स्टेटमेंट, म्हणजे कर्जाचा दर आणि सगळे खर्च मांडलेले पत्रक. १ ऑक्टोबर २०२४ पासूनच्या प्रत्येक किरकोळ कर्जाला बँकेने ते देणे बंधनकारक आहे. विम्यासारखा तिसऱ्या कंपनीसाठी घेतलेला खर्चही त्यात दाखवावा लागतो आणि वार्षिक खर्चाच्या दरात धरावा लागतो. तुमच्या पत्रकात हे २ लाख १० हजार नसतील, तर तुमच्या स्पष्ट संमतीशिवाय ते घेण्याचा बँकेला हक्क नव्हता. विशिष्ट कंपनीचा विमा घेण्याची सक्तीही बँकेला करता येत नाही.

मजकूर साधा ठेवा. "कर्जमंजुरीच्या वेळी विमा सक्तीचा असल्याचे मला सांगण्यात आले. प्रस्ताव अर्ज माझ्या हस्ताक्षरात नाही. प्रकृतीविषयीचे प्रश्न मला वाचून दाखवले नाहीत. मला त्या आधीपासून मधुमेह आहे. प्रमाणपत्र मला अमुक तारखेला प्रथमच मिळाले. फ्री लूकखाली विमा रद्द करून रक्कम माझ्या कर्जखात्यात मुद्दलापोटी जमा करावी." जे खरोखर घडले तेवढेच लिहा. प्रश्न वाचून दाखवले होते आणि तुम्हीच 'नाही' म्हणाला असाल, तर ते वाक्य काढा. खोटे लिहिले की तुमची बाजू तिथेच संपते. याच पत्रात चार गोष्टी मागा : सहीसह प्रस्ताव अर्जाची प्रत, प्रकृतीच्या घोषणेची प्रत, प्रमाणपत्र पोचल्याचा पुरावा, आणि विमा विकणाऱ्या 'स्पेसिफाइड पर्सन'चे नाव व प्रमाणपत्र क्रमांक. बँकेत विमा विकायला अशी प्रमाणित माणसे लागतात. ज्या मुलाने फॉर्म भरला तो त्यांतला नसण्याची शक्यता बरीच असते, आणि हा प्रश्न विचारला की उत्तराचा सूर बदलतो.

शाखेतून फोन येईल, "सर, प्रत्यक्ष या, बोलून घेऊ." बोलून काही घ्यायचे नाही. जे सांगायचे ते ईमेलवर कळवा म्हणा. "तक्रार समाधानकारक मिटली" अशा ओळीखाली सही करू नका.

विमा कंपनीला उत्तरासाठी १४ दिवस असतात. तोवर विमा नियामकाच्या 'बिमा भरोसा' पोर्टलवर किंवा १५५२५५ वर तक्रार नोंदवून टोकन क्रमांक घ्या. महिन्यात उत्तर आले नाही किंवा नकार आला तर विमा लोकपाल. नकारापासून एका वर्षाच्या आत जायचे, फी नाही, दाव्याची मर्यादा ५० लाख, आणि बँकेने तुम्हाला दिला तशा गट विम्याच्या तक्रारीही तिथे चालतात. ग्राहक आयोगात त्याच वेळी दावा लावू नका, नाहीतर लोकपाल तक्रार घेणार नाहीत. बँकेच्या वागणुकीबद्दल वेगळी तक्रार : बँकेला पत्र दिल्यावर ३० दिवस थांबून रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन. काही अडले तर १४४४८ वर फोन करा.

मिळेल किती? पूर्ण रक्कम आणि १२ टक्के व्याज विसरा. फ्री लूक मान्य झाले तर सोळा महिन्यांच्या संरक्षणाचे पंचवीस-तीस हजार आणि मुद्रांक शुल्क वजा जाऊन पावणेदोन ते १ लाख ८० हजार. लोकपालांनी फसवून विकल्याचे मान्य केले तर पूर्ण रक्कमही मिळू शकते, पण तिच्यावर बेत आखू नका. यातले काहीच झाले नाही आणि नुसते सरेंडर केले, तर सूत्रात परताव्याचा टक्का, उरलेली मुदत आणि उरलेले संरक्षण यांचा गुणाकार असतो. टक्का ५० ते ७० धरला तर ९० हजार ते सव्वा लाख. म्हणून घाईत सरेंडर फॉर्म भरू नका; शाखा तोच पुढे करेल.

मेहुण्यांचे उदाहरण इथे जसेच्या तसे लागू होत नाही. ब्रिटनमध्ये पेमेंट प्रोटेक्शन इन्शुरन्स नावाने हेच विकले गेले, अनेकदा असाच एकरकमी हप्ता कर्जावर चढवून. तिथल्या नियामकाने बँकांना सरसकट परतफेडीच्या चौकटीत आणले, परताव्यावर सहसा ८ टक्के सरळ व्याज मिळाले, आणि २९ ऑगस्ट २०१९ या अंतिम तारखेपर्यंतच्या दाव्यांपोटी ३८ अब्ज पौंडांहून जास्त रक्कम परत गेली. आपल्याकडे अशी सरसकट योजना नाही. प्रत्येकाला आपला कागद घेऊन उभे राहावे लागते. पण एक गोष्ट तीच आहे. तिथेही दावा स्वतः करणे फुकट होते, तरी लाखो लोकांनी मध्यस्थांना पाव हिस्सा किंवा त्याहून जास्त दिला, इतका की २०१८ मध्ये कायद्याने ती फी २० टक्क्यांवर बांधावी लागली.

राहिली मुलीची गॅरंटीड योजना. घेऊ नका. अशा योजनांचा परतावा हिशेबाला बसले की वर्षाला ५ ते ६ टक्के निघतो, आणि तुम्ही ९ टक्क्यांचे कर्ज फेडत आहात. ज्या शाखेने पहिला विमा असा विकला, तिलाच दुसऱ्यासाठी वर्षाला लाख रुपये द्यायचे, तेही नववीतल्या मुलीच्या कॉलेजची फी तीन वर्षांवर असताना? पहिली दोन-तीन वर्षे त्यातून बाहेर पडताना मोठा तोटा होतो, नेमके तेव्हाच तुम्हाला पैसे लागतील. त्या लाखातले ३०-४० हजार टर्म विम्याला द्या, उरलेले तिच्या फीसाठी बँकेच्या साध्या आवर्ती ठेवीत ठेवा.

परत आलेली रक्कम बहुधा थेट कर्जखात्यातच जमा होईल, कारण गट विम्याची मूळ पॉलिसी बँकेच्या नावावर असते. ते चांगलेच आहे. फक्त ती पुढच्या हप्त्यांची आगाऊ रक्कम म्हणून न ठेवता मुद्दलात वळती करायला लावा, आणि हप्ता तोच ठेवून मुदत कमी करा असे लेखी द्या. बदलत्या दराच्या कर्जावर यासाठी दंड लागत नाही. १ लाख ८० हजार आज मुद्दलात गेले तर ३९,६८० चे शेवटचे साधारण २२ हप्ते वाचतात. नवे परतफेड वेळापत्रक मागून घ्या आणि त्यावरची शेवटची तारीख जुन्याशी ताडून पाहा.