‘अमेरिकन ड्रीम’, आणि असमानता की विषमता?

एका इंग्रजी लेखाचा अनुवाद करणाऱ्या वाचकमित्रानं विचारलंय की ‘असमानता अमेरिकी स्वप्नाला मारत आहे’ हे वाक्य मराठीत चालेल का.

शब्द मराठी आहेत, वाक्य नाही. भाववाचक नामाच्या हातात सुरा दिला की मराठी वाक्य अवघडतं. आपल्याकडे स्वप्न भंगतं, विरतं, धुळीला मिळतं. त्याला कुणी मारत नाही.

खरी अडचण ‘अमेरिकी स्वप्ना’ची आहे. ‘पोराचं अमेरिकेचं स्वप्न’ म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे व्हिसाची रांग येते. म्हणजे अमेरिकेला जाण्याचं स्वप्न. मूळ कल्पना तिथे राहणाऱ्यांची, स्वतःच्या समाजाबद्दलची. जेम्स ट्रस्लो ॲडम्स या इतिहासकारानं हा शब्दप्रयोग रूढ केला तो १९३१ साली, ऐन महामंदीत. नुसत्या मोटारी आणि भरघोस पगार म्हणजे हे स्वप्न नव्हे, हे त्यानं तेव्हाच बजावलं होतं. जन्म कुठल्याही घरात होवो, प्रत्येक स्त्रीपुरुषाला आपल्या कुवतीच्या टोकापर्यंत पोचता यावं, अशी समाजव्यवस्था त्याला अभिप्रेत होती. पुढे बंगला आणि गाडीच लोकांच्या लक्षात राहिली, ते सोडा. मी तरी ‘अमेरिकन ड्रीम’ तसंच ठेवीन आणि पहिल्या उल्लेखात अर्थ उलगडीन. शिवाय ‘स्वप्न’ला मराठीत ‘मनात मांडे, पदरात धोंडे’ची छटा चटकन चिकटते.

आता असमानता की विषमता? दोन गोष्टी सारख्या नसल्या की असमानता. त्यात तक्रार असेलच असं नाही. विषमतेत अन्यायाची जाणीव मुरलेली आहे. डॉ. आंबेडकरांचं २५ नोव्हेंबर १९४९ चं संविधान सभेतलं भाषण इंग्रजीत होतं, पण मराठीत सांगताना आपण ‘राजकारणात समता आणि सामाजिक, आर्थिक जीवनात विषमता’ असंच म्हणतो. तिथे ‘असमानता’ घालून पाहा, वाक्य फिकं पडतं. (‘समानता’ मात्र संविधानाच्या मराठी उद्देशिकेत आहे: ‘दर्जाची व संधीची समानता’.)

तुमच्या लेखाचा विषय पाहता विषमताच हवी. अर्थतज्ज्ञ राज चेट्टी आणि सहकाऱ्यांच्या संशोधनानुसार अमेरिकेत १९४० साली जन्मलेल्यांपैकी सुमारे ९० टक्के जण, महागाईचा हिशेब धरूनही, वयाच्या तिशीत आईवडिलांनी त्या वयात मिळवलं त्यापेक्षा जास्त कमावत होते. १९८० साली जन्मलेल्यांत हे प्रमाण सुमारे ५० टक्क्यांवर आलं. अर्थव्यवस्थेची वाढ मंदावली हे त्याचं एक कारण, पण मोठं कारण असं, की झालेल्या वाढीचा मोठा वाटा वरच्यांच्याच पदरात पडला. याला नुसतं ‘असमान’ म्हणणं फारच सौम्य होईल.

तेव्हा ‘विषमतेमुळे अमेरिकन ड्रीम विरत चाललं आहे’ असं करा. आणि हो, ‘ते’ ड्रीमच. स्वप्नाचं नपुंसकलिंग त्याला आपसूक लागलंय. ‘तो ड्रीम’ मी अजून मराठी माणसाच्या तोंडून ऐकलेला नाही.