वाचकांचे प्रश्न : पिकअपचे ॲव्हरेज आणि वाऱ्याचा अडथळा

प्रश्न : मी घोडबंदर रोड परिसरात राहतो. रोज पहाटे तुर्भ्याच्या घाऊक बाजारातून भाजीचे क्रेट उचलून ठाण्यातील दुकानांना पोहोचवतो आणि अधूनमधून द्रुतगती मार्गाने पुण्याची फेरी करतो. डिझेल वाचावे म्हणून मागचा फाळका काढून ठेवणे, पुढच्या जाळीवर पत्रा लावणे आणि गाडीखाली सपाट प्लायवूड बसवणे, असे तीन बदल घरच्या घरी करण्याचा विचार आहे. ते करावेत का?
— एक वाचक, ठाणे

उत्तर : तिन्ही बदल करू नयेत, असेच मी सांगेन; मात्र आपला मूळ विचार चुकीचा नाही. हवेचा अडथळा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, म्हणजे वेग दुप्पट झाला की अडथळा चौपट होतो. मालासह सुमारे तीन टनांची, समोरून तीन चौरस मीटर क्षेत्रफळाची गाडी धरून ढोबळ हिशेब केला, तर ताशी ४० किलोमीटरला हवा साधारण ११ किलो वजनाइतक्या जोराने मागे ढकलते आणि ८० ला साधारण ४५ किलोइतक्या. टायरचा रस्त्याशी होणारा विरोध मात्र दोन्ही वेगांना जवळपास सारखाच, ३५ किलोच्या आसपास, राहतो. ठाणे-बेलापूर रस्त्यावर सिग्नलमागून सिग्नल घेत जाताना डिझेल मुख्यतः खर्ची पडते ते जड गाडीला पुन्हा पुन्हा वेग देण्यात आणि ब्रेक लावून तो वेग घालवण्यात, त्यामुळे तिथे गाडीचा आकार बदलून हाती फारसे काही लागत नाही. द्रुतगती मार्गावर ८० च्या वेगाने जाताना मात्र हवेचा अडथळा दहा टक्क्यांनी कमी झाला, तर एकूण विरोध पाच टक्क्यांच्या आसपास घटतो; इंजिनाचे स्वतःचे घर्षण लक्षात घेता डिझेलची बचत त्याहूनही थोडी कमी भरते.

आता फाळक्याविषयी. फाळका लावलेल्या रिकाम्या, उघड्या हौद्यात केबिनच्या मागे हवेचा एक मोठा भोवरा फिरत राहतो आणि टपावरून येणारी हवा बरीचशी त्या भोवऱ्यावरून सरकत मागे जाते. फाळका काढला की हा भोवरा विस्कटतो आणि फायदा सहसा होत नाही, उलट क्रेट रस्त्यावर सांडण्याचा धोका मात्र वाढतो. पुढची जाळी झाकल्यास रेडिएटर आणि इंटरकूलर (इंजिनात जाणारी दाबलेली हवा थंड करणारा भाग) यांना मिळणारी हवा तुटते. मे महिन्यात भरलेली गाडी खंडाळ्याचा घाट चढत असताना इंजिन तापले, तर वर्षभराच्या बचतीपेक्षा गॅरेजचे बिल मोठे येईल. प्लायवूडची कल्पना तर सरळ धोकादायक आहे, कारण बीएस-६ (प्रदूषणाच्या नियमांचा टप्पा) डिझेल गाडीत धुरातली काजळी अडवणारा फिल्टर असतो; साठलेली काजळी जाळताना त्याचे तापमान ५०० अंश सेल्सिअसच्या वर जाते आणि त्याच्याजवळ लाकूड असणे म्हणजे आगीला निमंत्रण आहे.

खरी बचत आपल्या ताडपत्रीत दडलेली आहे. पुण्याच्या रस्त्यावर अनेक पिकअपांच्या कमानींवर सैल ताडपत्री फुगून फडफडताना दिसते, आणि त्या प्रत्येक फडफडीची किंमत डिझेलमध्ये मोजावी लागते. माल केबिनच्या टपापेक्षा उंच जाऊ देऊ नका. क्रेट केबिनला टेकवून, मध्ये फट न ठेवता, सपाट रचा आणि ताडपत्री चारही बाजूंनी हुकांना ताणून बांधा. माल उंच रचणे अटळ असेल, तर टपावर पुढून मागे चढत जाणारा तिरपा डिफ्लेक्टर (हवा मालावरून वळवणारा पत्रा) उपयोगी पडतो. त्याची वरची कड मालाच्या उंचीच्या जवळ यावी आणि तो जाणकार कारागिराकडून भक्कम बसवून घ्यावा, कारण सुटून मागच्या दुचाकीस्वारावर आदळणारा पत्रा जीव घेऊ शकतो. हवा खरोखर कुठून वाहते ते पाहायचे असेल, तर टपाच्या मागच्या कडेला आणि ताडपत्रीवर लोकरीचे वीतभर तुकडे चिकटवा आणि शेजारून दुसऱ्या गाडीत बसलेल्या सोबत्याला त्यांचे चित्रीकरण करू द्या. जिथे धागे सरळ मागे पडतात तिथे हवा पृष्ठभागाला धरून आहे. जिथे ते उलटसुलट नाचतात तिथे ती सुटली आहे, आणि हात घालायचा तो तिथेच.

टपावरचे रिकामे कॅरिअर काढून ठेवा. टायरमधली हवा कंपनीने भारानुसार सांगितलेल्या दाबाइतकी, टायर थंड असताना तपासा. आपल्या रोजच्या शहरी फेऱ्यांत याचा उपयोग कोणत्याही पत्र्यापेक्षा अधिक होईल.

कोणताही कायमचा बदल करण्यापूर्वी आरटीओकडे चौकशी अवश्य करावी. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार, नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील उत्पादकाने मुळात ठरवलेल्या तपशिलांशी विसंगत होतील, असा फेरफार मालकाला करता येत नाही. बचत मोजताना एकाच पंपावर टाकी काठोकाठ भरून, तेवढाच माल घेऊन, पुण्याच्या त्याच मार्गाच्या काही फेऱ्या बदलाआधी आणि काही बदलानंतर करा. एका फेरीतला फरक वाऱ्याच्या दिशेमुळे किंवा वाहतूक कोंडीमुळेही पडू शकतो.