सौर युनिट स्वस्त, मग कोळसा कशाला?

प्रश्न : रीव्याच्या सौर प्रकल्पाची वीज पहिल्या वर्षासाठी २ रुपये ९७ पैसे युनिटने ठरली होती. मग देशाची सगळी वीज सूर्य-वाऱ्यावर नेण्यात अडचण पैशाची की इच्छेची?
– एक वाचक, लोकमान्यनगर, इंदूर

उत्तर : आधी वेळेची, म्हणून पैशाची. तो भाव दुपारच्या युनिटचा. मागणी चढते दिवेलागणीला, आणि तेव्हा पॅनल शून्यावर असतात.

हिशेब करून पाहा. बॅटरीत टाकलेल्या विजेपैकी साधारण ८५ टक्के परत मिळते, म्हणजे रात्रीच्या एका युनिटसाठी दुपारी १.१८ युनिट भरावे लागतात. ३ रुपयांच्या भावाने झाले ३.५३. आता समजा, एक युनिट साठवणारी बॅटरी १२,००० रुपयांना पडली आणि ५,००० वेळा भरली-रिकामी झाली; त्याचे २.४० रुपये. बेरीज ५.९३, तीही व्याज न धरता. बॅटरीची किंमत उतरली की हा आकडा उतरतो, आणि ती उतरतेच आहे. त्यामुळे संध्याकाळचे चार तास हा आता पैशांनी सुटणारा प्रश्न आहे. श्रावणातला ढगाळ आठवडा मात्र बॅटरीने निघत नाही. तिथे पवनचक्क्या उपयोगी पडतात, कारण आपल्याकडे वारा पावसाळ्यातच जोरात असतो. देवासजवळच्या जामगोदरानीच्या टेकड्यांवर जाऊन पाहा.

मेगावॅटच्या आकड्यांनीही फसू नका. एक मेगावॅट सौर संच वर्षाला सुमारे १७.५ लाख युनिट देतो; कोळशाचा ६५ टक्के भाराने चालला तर ५७ लाख. म्हणूनच २०२५ मध्ये देशात बसवलेल्या वीजसंचांची निम्मी क्षमता बिगर-जीवाश्म, म्हणजे कोळसा, तेल, वायू सोडून इतर स्रोतांची झाली, तरी सुमारे ७० टक्के वीज कोळशाचीच राहिली. शिवाय कोळशाचा संच दुपारी बंद करून सातला चालू करता येत नाही. थंड बॉयलर तापायला कित्येक तास लागतात, म्हणून तो दुपारीही ५५ टक्क्यांच्या आसपास चालवत ठेवतात.

आपल्या दारातलेच उदाहरण घ्या. नर्मदाकाठच्या जलूदच्या ६० मेगावॅट सौर प्रकल्पासाठी इंदूर महापालिकेने २०२३ मध्ये २४४ कोटींचे ग्रीन बाँड, म्हणजे पर्यावरणपूरक कामांसाठीचे कर्जरोखे काढले. नर्मदेचे पाणी चढवणारे पंप रात्रीही चालतात. तेव्हा वीज ग्रिडची, म्हणजे देशभरच्या वीजतारांच्या जाळ्यातली, बहुतांशी कोळशाची. दिवसा बनवलेल्या आणि एकूण वापरलेल्या विजेचा कागदावरचा हिशेब वर्षाअखेर जुळेल, पण रात्रीचा कोळसा त्याने जळायचा थांबत नाही.

ही वीज वाहून नेणाऱ्या तारांचा खर्च तर कोणी मोजतच नाही. ३० जुलै २०१२ ला उत्तर भारत अंधारात गेला, त्याची सुरुवात आपल्या बीना–ग्वाल्हेर ४०० केव्ही लाइनच्या ट्रिपिंगपासून, म्हणजे ती आपोआप बंद पडण्यापासून झाली. सौर प्रकल्प दीड-दोन वर्षांत उभा राहतो. लाइनला जागा आणि परवानग्या मिळवण्यातच त्याहून जास्त वेळ जातो.

प्रश्न : छतावर ३ किलोवॅटचे सोलार आहे. भर उन्हात लाइट गेली की तेही बंद पडते. बिघाड आहे का?
– एक वाचक, सुदामानगर, इंदूर

उत्तर : नाही, ते मुद्दाम तसेच केलेले असते. ग्रिडची वीज गेल्यावर तुमचा इन्व्हर्टर तारेत वीज सोडत राहिला, तर खांबावर चढलेल्या लाइनमनचा जीव जाईल. लाइट गेल्यावरही वीज हवी असेल तर हायब्रिड इन्व्हर्टर (ग्रिड नसतानाही बॅटरीवर घर चालवणारा) आणि बॅटरी घ्या. दिवे, पंखे आणि फ्रिज वेगळ्या सर्किटवर काढा. गीझर किंवा पाण्याची मोटर त्यावर टाकली, की बॅटरी बघता बघता बसते.