घरगुती एस्प्रेसो मशीन: पंप, बॉयलर आणि पावडर

निपाणीहून तुम्ही विचारलंय की चार हजारांपासून लाखापर्यंत एस्प्रेसो मशीन दिसतात, त्यांत फरक काय, आणि घरात चौघंही दूध घालूनच पिणारे असतील तर कुठलं घ्यावं.

आधी पंप आहे का बघा. स्वस्तातल्या बऱ्याच मशीनमध्ये तो नसतोच. बंद टाकीत पाणी उकळतं आणि वाफच ते कॉफीतून ढकलते. दाब कमी, पाणी नको तितकं गरम, कॉफी कडू जहर. एस्प्रेसोला साधारण 9 बार (बार हे दाबाचं माप) दाब आणि 90 ते 96 अंशांचं पाणी लागतं. खोक्यावरच्या ‘15 बार’ला भुलू नका, तो पंपाचा कमाल आकडा.

मग बॉयलर, म्हणजे पाणी तापवणारी टाकी. एकच असेल तर कॉफी काढून झाली की दूध फेसाळायच्या वाफेसाठी तो आणखी तापेपर्यंत थांबायचं. हीट एक्स्चेंजर (वाफेच्या बॉयलरमधून जाणाऱ्या नळीत कॉफीचं पाणी तापवणारा) किंवा दोन बॉयलरवाल्यात दोन्ही कामं एकदम होतात, पण किंमत कुठल्या कुठे जाते. बिया दळण्यापासून सगळं करणारी ऑटोमॅटिक छान, फक्त बिघडली की मेकॅनिक शोधत फिरा. कॅप्सूलवालं सोपं, पण कॅप्सूल संपल्या की मशीन शोभेचं.

तुम्हाला एका बॉयलरचं पंपवालं पुरे. चार कप लागोपाठ काढा, दूध गॅसवर तापवा. वाचलेले पैसे बर ग्राइंडरमध्ये, म्हणजे दोन दातेरी चकत्यांमध्ये बिया दळणाऱ्या यंत्रात, घाला. चटणीच्या मिक्सरवर एकसारखं दळण येत नाही. 18 ग्रॅम पावडरीतून 25-30 सेकंदांत 36 ग्रॅमच्या आसपास कॉफी उतरली पाहिजे. दहा सेकंदांतच भसाभसा आली तर दळण बारीक करा. तयार पावडरच वापरणार असाल तर डबल-वॉल बास्केट (पावडर भरायची दुहेरी तळाची चाळणी) घ्या, ती जाडंभरडं दळण सांभाळून घेते.

आणि पावडर! आपल्याकडची फिल्टर कॉफी बहुतेक चिकोरी (एका झाडाचं भाजलेलं मूळ) मिसळलेली. फिल्टरमध्ये ती झकास लागते, हे मी कुणाशीही भांडून सांगेन. मशीनमध्ये मात्र चिकट होऊन बसते. चिकमगळूर किंवा कोडगूच्या बिया मागा आणि दुकानात ‘चिकोरी बेड’ (कन्नडमध्ये ‘चिकोरी नको’) असं आधीच बजावा.

मशीन हजार-पंधराशे वॅट खातं, घरचा साधा इन्व्हर्टर त्याला पुरत नाही. बोअरचं पाणी तर अजिबात घालू नका, बॉयलरमध्ये क्षार साचतात.