जुळणी ९४०, मग नाव पक्कं?

प्रश्न : तुळशीच्या तेलाच्या जीसी-एमएसमध्ये (मिश्रणातले घटक वेगळे करून ओळखायची चाचणी) निस्ट लायब्ररीने (ज्ञात संयुगांच्या स्पेक्ट्रमांचा संग्रह) एका मोठ्या पीकला (आलेखातल्या शिखराला) ९४० गुणांनी ‘आयसोयुजेनॉल’ ठरवलंय. प्रबंधात तेच लिहू ना?
– एम.एस्सी. विद्यार्थिनी, दापोली

उत्तर : इतक्यात नको. युजेनॉल आणि आयसोयुजेनॉल, दोघांचा रेणुभार १६४ आणि स्पेक्ट्रम (रेणूच्या तुकड्यांचे नमुने) जुळ्या बहिणींसारखे. लायब्ररी फक्त तुकड्यांचा नमुना ताडते. पीक कधी आला, हे साध्या शोधात ती बघतच नाही. त्याच तापमान-प्रोग्रॅमवर अल्केनचं (सरळ साखळीच्या हायड्रोकार्बनांचं) मिश्रण चालवा, रिटेन्शन इंडेक्स (त्यांच्या तुलनेत पीक कधी आला, याचा आकडा) काढा. डीबी-५ कॉलमवर (घटक वेगळे करणारी नळी) १३६०च्या आसपास आला तर युजेनॉल. ट्रान्स-आयसोयुजेनॉल १४५०च्या सुमारास येतं. तुळशीत मला तरी आधी युजेनॉलचाच संशय येईल. खात्रीसाठी ताडून बघायला युजेनॉलची प्रमाणित बाटली महाग नसते, गाइडकडे हट्ट धरा. नाहीच मिळाली, तर नावापुढे ‘तात्पुरती ओळख’ लिहा. २०४ रेणुभाराच्या सेस्क्विटर्पीनांना (तेलांतल्या १५ कार्बनी संयुगांना) तर हा इंडेक्स हवाच; तिथे लायब्ररी हमखास गंडते.